थिएटर कोणाचे?

मुंबईच्या नाटकगृहांचा इतिहास लिहिण्याची हौस अलीकडे पुष्कळांस झालेली दिसते. परंतु असले लेख वाचून आम्हांस संतोषापेक्षा विषादच अधिक वाटतो. जागा कोणाची, इमारत कोणी बांधली, सज्जे किती होते, हे सारे त्यांत साग्रसंगीत सापडते. १८४६ साली ग्रँट रोडवर नाटकशाळा उभी राहिली आणि १८५३ साली तेथे विष्णुदास भाव्यांचे खेळ झाले, हे आता सर्वांस पाठ आहे. तेथल्या 'प्ले हाऊस'चा लोकांच्या जिभेवर 'पिला हाऊस' झाला, हेही मोठ्या चवीने सांगितले जाते. पण ती जीभ कोणाची, हे मात्र कोणी विचारीत नाही!

ती जीभ कष्टकऱ्यांची होती, आणि त्या कष्टकऱ्यांत घाटावरचा माणूस थोडाथोडका नव्हता. मुंबईचे डबेवाले मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतले, हे सर्वश्रुत आहे. गिरणीत आणि गोदीत राबणारांतही याच मुलखातली माणसे होती. दुसरीकडे, ज्या फडांच्या जीवावर मुंबईच्या तमाशा थिएटरांनी तिकिटे विकली, ते पुणे, सातारा, नगर, सांगली या जिल्ह्यांतून येत. आणि फडांची खरी पेठ म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. म्हणजे रंगमंचावर घाट आणि समोर बाकांवरही घाट! शहराचे असे काय होते? चार भिंती आणि तिकिटाची खिडकी.

यावर कोणी म्हणेल की, तमाशाचे थिएटर हे नाट्यगृहच नव्हे. आम्ही विचारितो, का नव्हे? प्रेक्षकाने खिशातून काढलेल्या पैशावर जगते ते धंदेवाईक नाट्यगृह, हीच व्याख्या असेल, तर लालबागचे हनुमान थिएटर त्या व्याख्येत कोणाहून उणे ठरते? पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली महापालिकेच्या खजिन्यातून उभे राहिले, ते योग्यच झाले. परंतु त्याचे गोडवे गाताना लालबागचे नाव गाळावयाचे, हा कोणता न्याय? आमच्या मते हे विस्मरण निष्पाप नाही. बोर्डावर नाचणारी बाई कोल्हाट्याची आणि ढोलकी वाजविणारा मांग वा महार होता, हेच त्याचे खरे कारण आहे.

दुसरा भ्रम असा की, सिनेमाने तमाशाची थिएटरे मारली. हेही तपासून पाहावे. सिनेमा मुंबईत आला १८९६ साली. तो बोलू लागला १९३१ साली. त्यानंतरही पन्नास वर्षे गिरणगावात ढोलकी घुमतच होती. मग झाले काय? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार रस्त्यावर आले, आणि त्यांतील पुष्कळ पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पगार बुडाला तेथे तिकीट कोठून निघणार? गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हनुमान थिएटरचा पडदा पडला. आता तेथे लग्ने लागतात. रसिकता मेली नाही. रसिकाची भाकरी गेली.

परंतु तमाशा मेला नाही, तो घरी परतला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येऊन यात्रेसाठी सुपारी देतात. आणि थिएटर ट्रकवर चढते. कनात हीच त्याची भिंत. याच गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव झाला. तरी २००२ साली त्या वारल्या त्या विपन्नावस्थेतच. आज त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो. मेल्यावर हार घालण्यात आम्ही मराठी लोक कधीच मागे राहिलो नाही!

म्हणून नाटकगृहांच्या भावी इतिहासकारांस आमचे सांगणे इतकेच : दगडांची मोजमापे खुशाल घ्या, पण लेखणी उचलण्यापूर्वी एक दिवस नारायणगावच्या राहुट्यांपाशी उभे राहा. इमारत गवंडी बांधतो; तिचे थिएटर जे करितात, त्यांची नावे त्या इतिहासात आली नाहीत, तर तो इतिहास नव्हे, तो केवळ जागेचा उतारा होय.