टर्नटेबल घरानं नाही, गावानं घ्यावं

मित्रहो, आज राजकारणावर लिहीत नाही म्हणून नाराज होऊ नका. वळण शेवटी तिकडंच जाणार आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हातून एका माणसाचं नुकसान झालं. भरून न येणारं. म्हणून ही पोस्ट.

लातूरला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याकडं भीमगीतांची एक छोटी तबकडी होती. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची. लेबल इतकं पुसट की गायकाचं नाव अर्धंच लागतं. एकेकाळी दर १४ एप्रिलला त्यांच्या वस्तीत ती लाऊडस्पीकरवर वाजायची. पुढं कॅसेट आली आणि तबकडी ट्रंकेत गेली. त्यातली गाणी मी यूट्यूबवर बरीच शोधली, सापडली नाहीत. म्हणलं, "गुरुजी, द्या माझ्याकडं. कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये आणून देतो." त्यांनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिली.

नांदेडला घरी आलो. सूटकेससारखा दिसणारा एक प्लेअर मी साडेपाच हजारांत ऑनलाइन मागवला होता. त्याच्यावर आधीच आमच्या मामांच्या लाखेच्या जुन्या तबकड्या वाजवून झाल्या होत्या. मग गुरुजींची लावली. पहिल्या खेपेला खरखर आली. वाटलं धूळ असेल, पुसून परत लावली. खरखर वाढली. चौथ्या खेपेला सुईच्या टोकाला बारीक भुकटी दिसली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती धूळ नव्हती, गाणं होतं.

नंतर वाचलं, माहितगारांना विचारलं, तेव्हा कळलं काय झालं ते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या, त्यात दगडाची पूड मिसळलेली. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळपास तिपटीनं रुंद. त्यांना जाड सुई लागते. माझ्या प्लेअरला ७८ चं बटण होतं, पण सुई एलपीची. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहिली आणि तिचं टोक झिजून धारदार झालं. तीच सुई मी गुरुजींच्या नाजूक व्हिनाइलवर ठेवली. वरून असल्या प्लेअरचा दाब पाच-सहा ग्रॅम. चांगल्या मशीनचा दोनच्या आसपास असतो.

गुरुजींना खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाबा, त्या लाऊडस्पीकरवाल्याची सुई बरी होती की."

आता तुम्ही म्हणाल, हा तुझा घरचा मामला, आम्हाला काय? तर सांगतो.

आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. म्हणून इथल्या माळ्यावरच्या ट्रंका पुण्या-मुंबईसारख्या नाहीत. एकाच घरात नाट्यगीत, कव्वाली आणि अभंग सापडतात. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या घरांत शबद कीर्तनाच्या तबकड्या निघतात, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड. आणि सगळ्यात मोठा साठा कुणाकडं असायचा माहितंय? मंडप आणि लाऊडस्पीकरवाल्यांकडं. लग्न, जत्रा, जयंती, उरूस, प्रचार, सगळ्याला तबकडी त्यांचीच. त्यांची पोरं आता डीजे चालवतात. जुन्या पेट्या इतवाऱ्यात नाहीतर गंजगोलाईच्या मागं भंगारात जातात. काही तबकड्यांची तर भिंतीवरची घड्याळं झालेली मी पाहिली.

"सगळं यूट्यूबवर आहे की," असं म्हणणारे भेटतात. सगळं नाही. गीतरामायण कुठं जात नाही, लताबाई, भीमसेनजी कुठं जात नाहीत. त्यांच्या मूळ टेपा कंपनीकडं आहेत आणि कंपनी त्या विकते आहे. प्रश्न आहे तो ज्यांच्या तबकड्या थोड्याच निघाल्या त्यांचा. गावोगावचे शाहीर, कव्वाल, भजनी, जयंतीची गाणी लिहिणारे. त्यांच्या आवाजाची शेवटची प्रत कदाचित तुमच्याच माळ्यावर असेल. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याखाली आडव्या रचलेल्या तबकड्या ताटलीसारख्या वाकतात.

मग घ्यावं का एक टर्नटेबल? माझ्या चुकीतून शिकलो ते सांगतो.

१. पाच-सात हजारांचे सूटकेस प्लेअर शोभेचे आहेत. घरात एकच प्रत असलेली तबकडी त्यावर लावू नका. थेट पेनड्राइव्हवर एमपीथ्री करून देणारं बटण असेल तर त्यालाही भुलू नका. वाईट सुईतून आलेला आवाज नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरनं चांगला होत नाही.

२. घरी पन्नासेक एलपी आणि ४५ च्या तबकड्या असतील, तर ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६०एक्स यूएसबीसारखं साधं मशीन पुरतं. पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतं. सुई झिजली की बदलता येते. पण वेग दोनच, ३३ आणि ४५.

३. ७८ च्या तबकड्या असतील तर तिन्ही वेगांचं, दाब कमीजास्त करता येणारं मशीन हवं. त्याच कंपनीचं एलपी-१२०एक्स यूएसबी आहे, चाळीस हजारांच्या आगेमागे. त्याला ७८ साठी वेगळी जाड सुई मिळते, ती घ्यायचीच. दोन सुयांची अदलाबदल म्हणजे माझी गोष्ट परत.

४. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. घरी ऐकायला मशीनमधली यूएसबी वायर पुरते. पुढच्या पिढीसाठी जपायचं असेल तर बाहेरचा ऑडिओ इंटरफेस लावून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करा. एका एलपीला दीडेक जीबी लागते, एक टीबीच्या डिस्कमध्ये सहाशेच्या वर एलपी बसतात. खरखर काढलेली फाइल वेगळी ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका.

५. लाखेच्या तबकडीला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरडा मऊ ब्रश पुरे. आणि तबकड्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

आता मुद्द्यावर येतो. घरात वीस तबकड्या असलेल्या माणसानं चाळीस हजारांचं मशीन घ्यावं, असं मी म्हणणार नाही. वीस तबकड्या एका रविवारी उतरवून होतात, मग ते मशीन कपाटावर धूळ खातं. आणि स्वस्तातलं घेतलं तर माझ्यासारखं होतं. तालुक्यात शंभर घरांत शंभर वाईट मशीनं येण्यापेक्षा एका ग्रंथालयात एक चांगलं यावं. विहीर प्रत्येकाची असली तरी पाण्याची टाकी गावाचीच असते ना?

खर्चाचा हिशेब करा. मशीन, जाड सुई, इंटरफेस, दोन हार्ड डिस्क. साठ-सत्तर हजारांत बसतं. कॉम्प्युटर ग्रंथालयात आहेच. एका नेत्याच्या वाढदिवसाला चौकाचौकात जे फ्लेक्स लागतात, त्यांच्या खर्चात हे होऊन जाईल. "रस्ते नाहीत, पाणी नाही, अन् याला गाणी सुचतात," असं कुणी म्हणेल. रस्त्यावर मी दर आठवड्याला लिहितोच. पण रस्ता पुढच्या वर्षी करता येतो. झिजलेली तबकडी पुढच्या वर्षी परत येत नाही.

कायदा आडवा येईल का? उलट वाट देतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं तरतूद आली. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडं मूळ प्रत असेल, तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत ठेवू शकतं. म्हणजे घरच्यांनी तबकडी ग्रंथालयाला द्यायची, उसनी नाही. मात्र जतन वेगळं आणि उठून यूट्यूबवर टाकणं वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा तो २०२० अखेर संपला. पण गीताच्या शब्दांचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या शब्दांवर २०६४ पर्यंत वारसांचा हक्क आहे. तो मान राखलाच पाहिजे. ग्रंथालयात बसून, हेडफोन लावून ऐकायची सोय झाली तरी खूप झालं.

हे कुणी केलंच नाही असंही नाही. मुंबईत तबकड्या जमवणाऱ्यांनी १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली. 'यंग इंडिया' नावाच्या मुंबईच्या देशी कंपनीच्या तबकड्या त्या मंडळींच्या खटपटीनं आणि ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं डिजिटल झाल्या. मुंबईच्या तबकड्यांना लंडन भेटलं. आपल्या तबकड्यांना निदान आपलं जिल्हा ग्रंथालय तरी भेटावं.

आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतोय. यात भांडायला काही नाही, दोन्हीकडं एक-एक मशीन द्या. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठानं विद्यार्थ्यांना महिनाभर या कामाला लावावं. नांदेडला त्यांचा परिसर आहे, लातूरला उपकेंद्र आहे. जिल्हा नियोजन समितीत बसणाऱ्यांनी एकदा हा विषय काढावा. मी दोन्हीकडच्या पालकमंत्र्यांना आणि ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र देतोय. उत्तर आलं तर इथंच टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

तोवर तुम्ही एक करा. माळ्यावरची पेटी काढा आणि वाजवू नका. एका वहीत लेबलवरचं सगळं उतरवून घ्या: कंपनी, नंबर, गायक, भाषा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि भंगारवाल्याला आज नाही म्हणा, एवढंच.

गुरुजींच्या तबकडीचं माझ्याकडं पहिल्या खेपेचं, खरखरीतलं रेकॉर्डिंग तेवढं उरलंय. शब्द कळतात, आवाज ओळखू येत नाही. ते घेऊन गेलो तेव्हा त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग ट्रंकेकडं बोट करून म्हणाले, अजून तीन आहेत.

मी मागितल्या नाहीत. चांगली सुई आल्यावर मागीन.