मुनीमजींची किल्ली

वाचकहो, फराळाच्या ताटात संगणकाची कटकट वाढणे शोभत नाही, हे मला कळते. परंतु लक्ष्मीपूजनाच्या चोपड्या मांडताना आमच्या खामगावच्या एका कापूस-पेढीत यंदा एक जुनी गोष्ट पुन्हा निघाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

या पेढीचा मेल सर्व्हर माझ्या देखरेखीखाली आहे. सर्व्हर म्हणजे गोदामाशेजारच्या खोलीत गुणगुणणारी एक पेटी, आणि तीत पोस्टफिक्स नावाची प्रणाली. वीट्से वेनेमा या डच गृहस्थांनी लिहिलेली ही प्रणाली १९९८ पासून जगाला फुकट मिळते आहे. तिची मांडणी मुख्यतः ‘मेन डॉट सीएफ’ या एका फाइलीत असते. तीत कोणी एखादी ओळ वाढवली तर पेटी कुरकुर करीत नाही. निमूटपणे ऐकते.

तशी ओळ कोणीतरी वाढवली. ‘ऑल्वेज बीसीसी’ तिचे नाव. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत तिसऱ्याच पत्त्यावर जावी, असा तिचा अर्थ. तीन आठवडे प्रती जात राहिल्या. मग कोइम्बतूरच्या एका गिरणीला आमच्या नावाने, थेट आमच्या भाषेत पत्र गेले : खाते बदलले आहे, गाठींची रक्कम नव्या खात्यावर भरावी. गिरणीवाल्यांनी आधी फोन केला, म्हणून पैसे वाचले.

मुनीमजी मात्र वाचले नाहीत. पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहिलेला, म्हणून संशय त्यांच्यावर. तीस वर्षांची चाकरी! शेठजी तोंडाने काही बोलले नाहीत. तिजोरीची किल्ली तेवढी मागून घेतली.

मी लॉगिनची नोंद काढली. फाइल बदलली रात्री दोनला, आणि आत आलेला माणूस माझ्याच नावाने आलेला! मी तर त्या रात्री मेहकरला एका लग्नघरी घोरत होतो. पण पासवर्ड म्हणून मुलाच्या नावापुढे १२३ लावण्याचा पराक्रम माझाच. हे शेठजींना सांगायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मुनीमजी किल्लीवाचून गादीवर बसत होते.

संगणक-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा, सर्ट-इनचा, २०२२ सालचा आदेश आहे : असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, नोंदी १८० दिवस जपा. ठीक. पण लक्षात यावा कसा?

मग मी राखण बसवली. दर पाच मिनिटांनी एक छोटी आज्ञावली ‘पोस्टकॉन्फ’कडून चालू मांडणी लिहून घेते आणि आदल्या प्रतीशी ताडून पाहते. फरक दिसला की मला ईमेल. शिवाय ‘ऑडिटडी’ नावाचा दुसरा पहारेकरी, कोणत्या लॉगिनने फाइलीला हात लावला ते टिपतो. मोठ्या दिमाखात मी हे मुनीमजींना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला.

“चोरानं फोनचा तारच तोडला, त फोन कायनं करसान, भाऊ?”

मी हसलो. घरी येऊन मुद्दाम एक चुकीची ओळ घालून पाहिली. पेटीतून पत्रे जाणे थांबले, आणि त्याची वर्दी देणारे पत्रही त्याच पेटीत रांगेत अडकून पडले!

आता वर्दी दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून जाते, शिवाय एसेमेसने. आदली प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवली. रोज सकाळी आठला ‘सर्व ठीक’ असाही एक निरोप येतो. तो आला नाही तर पहारेकरीच झोपला, किंवा त्याला कोणी झोपवला, असे समजायचे. हा निरोप दोघांना जातो, मला आणि मुनीमजींना.

किल्ली त्यांना तेव्हाच परत मिळाली होती. त्यावर ते आजवर माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. पण मी फाइलीत स्वल्पविराम जरी बदलला, तरी पाच-दहा मिनिटांत फोन वाजतो :

“भाऊ, तुमीच हा नं?”