महिला विद्यापीठ, ज्ञानशाखांच्या भिंती आणि आपल्या मुली

इयत्ता आठवीच्या वर्गात आम्ही महाडचा सत्याग्रह शिकवीत होतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो प्रसंग सांगून झाला आणि मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिने विचारले, "आमच्या आळीतली विहीर आता सगळ्यांना मोकळी आहे, पण तिचं पाणी खारं झालंय. ते का झालं, हे कोणत्या विषयात येतं?" आम्ही तिला भूगोलाच्या शिक्षकांकडे पाठविले. त्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांकडे बोट दाखविले. मुलगी दोन दारांवरून परत आली आणि गप्प बसली.

त्या गप्प बसण्याची टोचणी आम्हांला पुष्कळ दिवस लागून राहिली. प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या तासिकांचे वेळापत्रक त्याला अपुरे पडले होते. उमेळे, नायगाव, वसई या खाडीकाठच्या पट्ट्यात गोड्या पाण्याचा उपसा वाढला की समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकते. हा भाग भूगोलाचा आणि रसायनशास्त्राचा. उपसा कोणी केला आणि कोणासाठी, हा भाग अर्थकारणाचा आणि कायद्याचा. विहिरीवर पूर्वी कोणाला पाय ठेवता येत नव्हता, हा इतिहासाचा. आणि टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगेत कोणाचे तास जातात, रोजगार कोणाचा बुडतो, हा प्रश्न तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. तो त्या मुलीच्या आईचा प्रश्न आहे. स्त्रियांच्या जगण्याविषयीचा कोणताही खरा प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, हे आम्हांला एका आठवीतल्या मुलीने शिकविले.

विद्यालयाच्या या स्मरणिकेत आम्ही मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाविषयी लिहीत आहोत, त्याचे कारण हेच. नायगाव स्थानकावरून चर्चगेटची लोकल धरली की तिच्या शेवटच्या स्थानकाजवळच या विद्यापीठाचे मुख्य संकुल आहे. जुहूचे संकुल सांताक्रूझला उतरून गाठता येते. अंतर फार नाही. तरीही आपल्या वस्त्यांतील मुलींना ते विद्यापीठ परीक्षा देण्याचे ठिकाण म्हणून माहीत आहे, संशोधनाचे ठिकाण म्हणून नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली हे विद्यापीठ स्थापन केले. तोक्यो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि तीतून त्यांना प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईत आले. १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा कर्व्यांचा आग्रह प्रारंभापासून होता आणि तो आजही अभिनंदनीय वाटतो.

मात्र कर्व्यांच्या मूळ कल्पनेशी आमचा मतभेद आहे, तो लपविण्याचे कारण नाही. स्त्रीचे कार्यक्षेत्र मुख्यत्वे घर आहे, म्हणून तिचा अभ्यासक्रम पुरुषांहून निराळा असावा, अशी त्यांची धारणा होती. तिच्या मुळाशी असलेले घर हे बव्हंशी उच्चवर्णीयांचे घर होते. मिठागरात, शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रीचे कार्यक्षेत्र केवळ घर कधीच नव्हते. कर्व्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष अशी की, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी जातिभेद नष्ट व्हावेत म्हणून समता संघ काढला. आपल्या आयुष्यभराच्या कार्यात काही राहून गेले, हे ओळखणारा माणूस आदरास पात्र असतो.

पण इतिहासाची गती विलक्षण असते. ज्या गृहजीवनाचे धडे देण्यासाठी विद्यापीठात घर आणले गेले, ते घरच तेथे तपासणीचा विषय झाले. गृहविज्ञान म्हणजे पाककृती आणि शिवणकाम, असे समजून आपल्याकडील पुष्कळ मंडळी नाक मुरडतात. वस्तुतः बालकाची वाढ का खुंटते, गरोदर स्त्रीच्या ताटात काय असते, घरातील श्रमाला किंमत का नाही, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या शास्त्राला पुढे जाता येत नाही. त्यासाठी पोषणशास्त्र लागते, अर्थशास्त्र लागते आणि समाजशास्त्रही लागते. परिचर्या, ग्रंथालयशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी आणि भाषा एकाच विद्यापीठात नांदत असतील, तर त्यांनी एकमेकींशी बोलावे, हे ओघानेच येते.

हे बोलणे जाणीवपूर्वक सुरू झाले १९७४ साली. समाजशास्त्रज्ञ डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने विद्यापीठात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र. त्याच वर्षी स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीचा 'समतेकडे' हा अहवाल पुरा झाला. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० वर आल्या, या वास्तवाकडे त्याने देशाचे लक्ष वेधले. हा आकडा जनगणनेचा; पण त्याचे कारण शोधायचे तर आरोग्य, आहार, हुंडा, वेतन, वारसा-कायदा आणि धर्मग्रंथ यांतून फिरावे लागते. एकट्या विषयाला तो उलगडत नाही. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

आता दुसरीकडे पाहू. ज्या १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. ते मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी दाखवून दिले की, जातीअंतर्गत विवाह हा जातिव्यवस्थेचा कणा आहे. आणि तो टिकविण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी स्त्रियांवर लादल्या गेल्या. कर्वे ज्या विधवांसाठी झटत होते, त्यांच्या वैधव्याचे कारण बाबासाहेबांनी जातीच्या गणितात शोधले. एकाने दुःखावर आश्रम उभा केला, दुसऱ्याने दुःखाचे मूळ उकलले. या दोन्ही धारा एका प्रवाहात यायला कित्येक दशके जावी लागली, ही आपल्या विद्याक्षेत्राची शोकांतिका होय.

कारण स्त्री-अभ्यासाने बराच काळ 'स्त्री' असा एकच शब्द वापरला आणि तिची जात विचारली नाही. दलित स्त्रीचा इतिहास लिहिण्याचे मोठे काम विद्यापीठांच्या भिंतीबाहेर झाले. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या, जुनी नियतकालिके धुंडाळली आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. मौखिक इतिहास, राजकारण आणि चरित्र यांचा तो संगम आहे. पुढे पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राच्या वर्गात मानाचे स्थान दिले. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक आज अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. दलित स्त्रियांच्या शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याही आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला होता. धर्म, भूक, शिक्षण आणि बाळंतपण हे सारे तिने एकाच निबंधात तपासले. तिला कोणी विषयांच्या भिंती शिकविल्या नव्हत्या, हे तिचे भाग्यच म्हटले पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. अनेक विषयांत वावरणारा कोणत्याच विषयाच्या तळाशी जात नाही, असे म्हणतात. तसे उथळ लेखन आम्ही पाहिले आहे. चार शास्त्रांची नावे प्रस्तावनेत घातली म्हणजे संशोधन आंतरविद्याशाखीय होत नाही. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर, शूद्रांच्या उत्पत्तीवर आणि बुद्धाच्या धम्मावर लिहिले. पण प्रत्येक वेळी त्या त्या शास्त्राची साधने हस्तगत करून लिहिले. भिंत ओलांडायची तर दोन्ही अंगणांची ओळख हवी. म्हणून आपल्या मुलींना आम्ही सांगतो: आधी एक विषय पक्का करा, मग प्रश्न नेईल तिकडे जा.

दुसरी गोष्ट अधिक कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्या वस्त्या संशोधकांना अपरिचित नाहीत. प्रश्नावल्या घेऊन माणसे येतात, आयाबायांना शंभर प्रश्न विचारतात आणि निघून जातात. त्या प्रबंधांत आपली माणसे 'नमुना' म्हणून मोजली जातात. आमची इच्छा एवढीच की, पुढील पिढीत प्रश्नावली लिहिणारा हात आपल्या मुलीचा असावा. खाऱ्या विहिरीवर प्रबंध व्हावा आणि तो त्या विहिरीचे पाणी शेंदलेल्या मुलीने लिहावा.

त्यासाठी विद्यापीठांनी शिष्यवृत्ती वेळेवर आणि वसतिगृह पुरेसे द्यावे, मराठीतून लिहिलेल्या प्रबंधाला दुय्यम लेखू नये, ही आमची मागणी आहे. पालकांनी पदवीनंतर मुलीच्या लग्नाची घाई करू नये, ही विनंती आहे. आणि आमचे स्वतःचे कर्तव्य असे की, विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थिनीने सुटीत आपल्या आजीची हकिकत वहीत उतरवावी: ती कोठे राबली, पाणी कोठून आणले, १९५६ नंतर घरात काय बदलले. त्या वह्या आपण जपल्या, तर उद्याच्या इतिहासकाराला साधने मिळतील.

ऐकीव आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. संशोधनाची याहून चांगली दीक्षा नाही. आमच्या याच तालुक्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील पुण्ण नावाचा व्यापारी भगवंतांकडे जाऊन भिक्खू झाला आणि तेथेच न थांबता आपल्या लोकांत परत आला, अशी परंपरा आहे. चर्चगेटची लोकल परतही येते, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे.

त्या आठवीतल्या मुलीला आम्ही अद्याप पूर्ण उत्तर दिलेले नाही. तिची क्षमा मागून तो प्रश्न येथे छापीत आहोत.

जय भीम!