डब्यावरची परकी भाषा

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. श्रीरामपूर तालुक्यात त्याचे किराणा-जनरलचे दुकान आहे. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून त्याने डेन्मार्कच्या जेलीच्या गोळ्यांचे चार खोके आणले होते. एका गिऱ्हाईक आपांनी विचारले, "भाईजान, यात नेमके काय आहे?" इंग्रजी चिकटपट्टीवर 'जिलेटिन, प्राणिजन्य' एवढेच. कोणत्या प्राण्याचे? मूळ मजकूर डॅनिश भाषेत.

"सर, तुम्हाला दोन-तीन भाषा येतात," तो म्हणाला. आम्हाला उर्दू येते, मराठी येते. डॅनिश कुठून येणार? मोबाइलचा कॅमेरा धरला. पाकिटावर तो शब्द दोन ओळींत तुटला होता. मोबाइलने पुढचा अर्धा, 'जिलेटिन', तेवढा वाचला. आम्हाला समाधान वाटेना. त्याचा एक मावसभाऊ कोपनहेगनला नोकरीस आहे. त्याला फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आले: पहिला अर्धा 'स्वीन', म्हणजे डुक्कर. पोराने चारही खोके परत केले. भाड्याचे पैसे गेले, पण विश्वास राहिला.

मोबाइल वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर दुकान चालत नाही. 'गिफ्ट' हा शब्द घ्या. इंग्रजीत भेट; डॅनिशमध्ये विष, आणि तोच शब्द 'विवाहित' या अर्थानेही वापरतात! आपल्याकडच्या चिन्हांचेही तसेच. चौकोनातील तपकिरी त्रिकोण मांसाहारी एवढेच सांगतो. हलाल की नाही, ते सांगत नाही.

मग परदेशी माल विकणाऱ्याने अनुवादक शोधावा कसा? आम्ही चौकशी केली, ती अशी. डॅनिशवरून इंग्रजी हवे असेल, तर ज्याची लिहिण्याची भाषा इंग्रजी आहे आणि डॅनिश पक्की येते, असा माणूस पाहावा. चांगले अनुवादक आपल्या मातृभाषेत अनुवाद करतात. त्याने खाद्यपदार्थांची लेबले पूर्वी केली आहेत का, ते विचारावे. पाकिटाच्या सर्व बाजूंचे स्पष्ट फोटो द्यावेत. आधी एक छोटा नमुना करून घ्यावा आणि दर शब्दामागे किती, ते लेखी ठरवावे. अनुवाद दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. अनुवाद सेवेसाठी 2015 साली आलेल्या 'आयएसओ 17100' या मानकातही दुसऱ्या व्यक्तीची तपासणी बंधनकारक आहे. नात्यातला माणूस अडीनडीला उपयोगी पडतो. पण कायम धंदा करायचा तर रीतसर मोबदला देऊन काम घ्यावे.

विश्वासू दुभाष्याची गरज आजची नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत झैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले, कारण पत्रव्यवहारात परक्यावर विसंबणे त्यांना योग्य वाटेना. हजरत झैद (रजि.) यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली, अशी रिवायत आहे.

आपली मुले इंग्रजी शिकतात, फार चांगले. त्यांतल्या एखाद्याने जर्मन, फ्रेंच, डॅनिशही शिकावी. भाषा हाही रोजगार आहे. आणि दुकानदार बंधूंनो, गिऱ्हाईक आपल्या लेकराच्या तोंडात घास घालते ते तुमच्या शब्दावर. ती अमानत आहे. लेबल कळले नाही, तर "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणण्यात कमीपणा नाही.