गुप्तदान आणि पावतीपुस्तक

दिवाळी महिन्यावर आली, की मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीचे पावतीपुस्तक माझ्या टेबलावर येऊन पडते. मराठीच्या मास्तराचे अक्षर चांगले असणारच, अशी मंडळाची समजूत! वास्तविक पेपर तपासून तपासून ते केव्हाच बिघडले आहे.

यंदा ‘दिवाळी पहाट’ थाटात करायचे ठरले. पैशांची विवंचना चालू असतानाच कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा तरुण, अगदी नम्र, पन्नास हजारांचे पाकीट घेऊन दारात उभा राहिला. विनंती एकच. “सर, पावतीवर कंपनीचं नाव नको. गुप्तदान लिहा.”

“अहो, किती भला मुलगा! चहा तरी घ्या म्हणावं,” सौ. आतून म्हणाली. चहा झाला. मी पेन उघडले आणि एकदम आठवले, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचे आहे, आणि ते कुणाकडून काढायचे हे आमची कार्यकारिणी डिसेंबरात ठरवणार आहे. पेनाचे टोपण मी परत लावले.

देवळाच्या दानपेटीत घडी केलेली नोट टाकावी आणि मागे न पाहता पायऱ्या उतराव्यात, हे गुप्तदान. दाता कोण हे पुजाऱ्यालाही कळत नाही, म्हणून तो प्रसाद जास्त देत नाही. इथे देणारा घेणाऱ्याला पुरता ठाऊक. अंधारात फक्त ती बिऱ्हाडे, ज्यांच्या डोक्यावर कर्ज बसायचे!

वाचकहो, हाच प्रकार देशात सहा वर्षे चालला. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून हजारापासून कोटीपर्यंतचा रोखा घ्यावा आणि पंधरा दिवसांत पक्षाला द्यावा. बँक खरेदीदाराची ओळख तपासून घेई, पक्षाच्या कार्यालयात रोखा नेऊन द्यायलाही कुणी अडवीत नव्हते. नाव कळायचे नाही ते फक्त मतदाराला. रिझर्व्ह बँकेने आधीच घेतलेली हरकत बाजूला पडली. कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही २०१७ मध्येच उठली होती. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा उदार होऊ शकत होती. (तोट्यातल्या माणसाचे औदार्य मी तरी त्याने हातउसने मागायच्या आदल्या दिवशीच पाहिले आहे.) सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेल्यावर, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हे सारे घटनाबाह्य ठरवले. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. त्यांत कारखानदारांबरोबर कर्ज देणाऱ्या कंपन्यांचीही नावे होती.

“यात नवीन काय? छगलांनी सत्तावन्न सालीच सांगितलं होतं,” तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले. खरेच आहे. पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटांच्या पोलाद कंपनीला आपल्या नियमांत बदल हवा होता, आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली होती. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी, कायद्यात मनाई नाही म्हणून, परवानगी दिली. पण देताना संसदेला बजावले, की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळील. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. मधल्या काळात पैसा थांबला असे अण्णांना वाटत नाही. “तो बॅगेतून जाऊ लागला, एवढंच!”

बंदी नको, नाव हवे, एवढ्यावर आमचे दोघांचे एकमत आहे. बँकांचे आणि कर्जांचे नियम ज्यांच्या हाती, त्यांना सावकारांपैकी कोण किती देतो, हे ठेवीदाराला आणि कर्जदाराला कळले म्हणजे झाले.

त्या तरुणाला मी म्हटले, “नाव लिहिलं तरच पावती.” तो हसला. “विचारून सांगतो, सर,” म्हणून पाकीट घेऊन गेला. मंडळाचे खजिनदार चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. तबलजींना आगाऊ रक्कम शनिवारपर्यंत द्यायची आहे, सभा उद्या रात्री नऊला आहे, आणि सत्तेचाळीस क्रमांकाची पावती अजून कोरी आहे.