उजव्या हाताची कैफियत

स्नेहसंमेलनात कोणी गिटार गळ्यात अडकवून रंगमंचावर आला की प्रेक्षकांचे डोळे कुठे खिळतात ते एकदा पाहून ठेवावे. ते खिळतात वादकाच्या डाव्या हातावर. पडद्यांवरून धावणारी बोटे दिसतात, “काय हात चालतो!” अशी दाद उठते, आणि ती सगळी डाव्या हाताच्या पदरात पडते. उजवा हात खाली कुठेतरी आपले काम करीत असतो. प्रेक्षकांचे सोडा, पुष्कळदा खुद्द वादकाचेही तिकडे लक्ष नसते. माझे म्हणणे असे की आपल्याकडच्या इलेक्ट्रिक गिटारवादनाचे जे दुखणे आहे ते नेमके या उपेक्षित हातात आहे, आणि नव्या अॅम्प्लिफायरने ते बरे होणार नाही.

हे कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. यावल, सावदा, वरणगाव इकडून एस.टी.ने येणारा एखादा मित्र पैसे साठवून जुनी गिटार विकत घेतो. वर्षभर घासतो. तरी आवाज खरखरीत, मधल्या तारा नको तेव्हा वाजतात, चाल वाढवली की सूर एकमेकांवर आदळतात. मग तो ठरवून टाकतो की आपले वाद्यच हलके आहे, मुंबईची मुले वाजवतात ती गिटार आपल्याला परवडणार नाही. आणि तो नाद सोडतो. असे तिघेजण माझ्या माहितीचे आहेत. त्यांतल्या एकाची गिटार मी वाजवून पाहिली आहे. तारा बदलल्यावर ती छान बोलत होती. गरिबीमुळे सुटलेल्या गोष्टी आपल्या भागात थोड्या नाहीत; पण ही गोष्ट गरिबीमुळे सुटलेली नव्हती, आणि मला वाईट वाटते ते याचेच.

इलेक्ट्रिक गिटारवर विजेमुळे चुका झाकल्या जातात असा एक गैरसमज आहे. तिथे घडते काय? तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेला हा नियम. आपल्या दीपनगरच्या केंद्रातले प्रचंड जनित्रही त्याच नियमावर चालते. आता या वेटोळ्याला हवी असलेली तार आणि नको असलेली तार यांतला भेद कळत नाही. जे थरथरेल ते सगळे ते पुढे पाठवणार, आणि डिस्टॉर्शन लावले तर बारीकशी चूकही गर्जना करून सांगणार. म्हणून या वाद्यावर उजव्या हाताला दोन कामे असतात: एक तार बोलती करायची आणि बाकीच्या गप्प ठेवायच्या. तळहाताची कड घोडीपाशी जाड्या तारांवर हलकेच टेकवून ठेवणे, ही साधी गोष्ट. पण ती न शिकता लोक पेडल विकत घेतात!

मला वाटते, उजव्या हाताचे शास्त्र आपल्याला परके नाही, आपण ते फक्त गिटारला लावून पाहिलेले नाही. शाहिराच्या मागे तुणतुणे वाजते. त्याला एकच तार, आणि सूरही एकच. डाव्या हाताला तिथे सूर बदलायचे कामच नाही. तरी पोवाड्याला चढ येतो तो त्या छेडण्याच्या वजनामुळे. गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो घ्या. तो मुळात जपानी; नागोया शहरात 1912 साली जन्माला आलेल्या वाद्याचा हा वंशज. त्याच्या कळा डाव्या हाताने नुसत्या दाबायच्या असतात. त्यात गंमत येते ती उजव्या हातातल्या नखीने.

आणि सतार तर आहेच. सतारीच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ‘दा’ आणि ‘रा’ शिकवतात. आत ओढलेला आघात दा, बाहेर जाणारा रा, दोन्ही दुगुनीत जोडून दिर. म्हणजे उजव्या हाताला त्याची स्वतःची भाषा आहे. गिटार शिकणाऱ्याला मात्र ‘खाली’ आणि ‘वर’ एवढेच सांगून सोडून देतात. खाली जाणाऱ्या आघाताला दा म्हणा, वर येणाऱ्याला रा म्हणा, डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून धरा आणि मसीतखानी गतीचे बोल वाजवून पाहा: दिर दा दिर दा रा दा दा रा. विलंबित तीनतालात, एकाच तारेवर. दा आणि रा यांचे वजन सारखे येते का ते ऐका. बहुतेकांचा रा लंगडा असतो, कारण नखी बोटांबाहेर फार निघालेली असते आणि वर येताना तारेत अडकते. टोक थोडेसेच बाहेर ठेवावे, पकड सैल असावी, हालचाल मनगटातून यावी. कोपरातून हात हलू लागला की खांदा आखडतो आणि मग दुसऱ्या दिवशी लिहिण्याचे वांधे.

सतारीची मदत इथवरच. बरेचसे काम बाजाच्या एकाच तारेवर होत असल्याने तार ओलांडण्याचा प्रश्न सतारीवर फारसा येत नाही. गिटारवर तो क्षणोक्षणी येतो. प्रत्येक तारेवर तीन सूर घेत जाड्या तारेकडून बारीक तारेकडे निघालात, तर दा-रा-दा झाल्यावर नखी दोन तारांच्या मधे उभी असते. आता नियमाप्रमाणे ‘रा’ यायला हवा, म्हणजे बारीक तारेवरून उडी मारून पलीकडे जायचे आणि मग परत यायचे. गाडी अडखळते ती इथे, आणि शिव्या खातो डावा हात. उपाय दोन आहेत. एक, ती उडी सावकाश घोटणे. दुसरा, नियम मोडून पुढच्या तारेवरही ‘दा’च घेणे, म्हणजे एकाच ओघात नखी खाली जाते. दुसरा उपाय सोपा वाटतो, पण त्यात लय पळते. माझे मत विचाराल तर आधी पहिला.

डाव्या हाताच्या भक्तांना मी जँगो राईनहार्टचे उदाहरण देतो. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपभर नाव केले. उजवा हात शाबूत होता, आणि तो कसा तयार केलेला होता ते ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येते.

कोणी म्हणेल, पाश्चात्य वाद्याला सतारीचे जोखड कशाला? त्यांना ब्रिजभूषण काब्रांची आठवण करून द्यावी. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांनी 1967 साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ केले, ते गिटारवरच. आणि ज्यांना नखीच जोखड वाटते त्यांनी मार्क नॉफ्लर ऐकावा, तो उघड्या बोटांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. नखी असो वा नसो, हात विचार करून वापरलेला आहे की नाही एवढाच माझा मुद्दा आहे.

यंदा सांस्कृतिक मंडळापुढे मोठ्या अॅम्प्लिफायरची मागणी आहे असे ऐकतो. गुरुजनांना माझी विनंती आहे की ती तूर्त बाजूला ठेवावी. त्या पैशातून आठवड्याला एक तास सतार शिकवणारे कुणी बोलवावे आणि तबल्याच्या मुलांनी ठेका धरावा. गिटारवाल्यांनी वायर न जोडता बसावे. मी माझी नावनोंदणी आजच करून ठेवतो.