कसं माहीत?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. भीमा नदी कुठं उगम पावते?

"भीमाशंकरला!" बघा, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. शाब्बास! आता दुसरा प्रश्न. श्रावण महिना आहे. दौंडला आठ-दहा दिवस पावसाचा थेंब नाही. ऊन लख्ख पडलंय, बाजरीनं माना टाकल्यात. आणि भीमा मात्र दुथडी भरून चाललीय, गढूळ पाण्यात झाडंझुडपं वाहून येतायत. हे पाणी आलं कुठून?

झाली का चुळबुळ सुरू?

खरं म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात लपलेलं आहे. भीमा उगम पावते तो सह्याद्रीचा माथा. तिथं पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. आपला दौंड-शिरूरचा भाग डोंगरापासून लांब, पर्जन्यछायेतला. पाऊस तिकडं पडतो आणि पाणी इकडं येतं. आणि एकट्या भीमेचंच नाही बरं का! वाटेत तिला भामा मिळते, तुळापूरला इंद्रायणी मिळते, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा मिळते. म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून सोडलेलं पाणीसुद्धा शेवटी दौंडच्या पुलाखालून जातं. शिवाय शिरूरच्या अंगाला लागून वाहणारी घोड नदी, तीही दौंडच्या अलीकडं भीमेलाच येऊन मिळते. शिरूरकरांनो, तुमच्या नदीचं पाणी पुढं दौंडकर बघतात ते असं.

"भीमाशंकर" हे उत्तर पाठ असलेली मुलं वर्गात पुष्कळ असतात. त्या उत्तराचा आणि गावच्या पुराचा संबंध लावणारी दोन-चारच निघतात. असं का होतं, याचा विचार मी अलीकडं जरा जास्तच करतेय, आणि त्याला कारण आहे एक वही.

ही वही नववीत शिकणाऱ्या एका मुलीची. शिरूर तालुक्यातलीच. नाव छापायचं नाही असं तिनं मला बजावलंय, म्हणून सांगत नाही. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. राजधान्या, शोध आणि शास्त्रज्ञ, सर्वांत उंच, सर्वांत लांब, सगळं तोंडपाठ. घरात चार-पाच ढाली मांडून ठेवलेल्या आहेत.

नववीत गेल्यावर तिनं रोज रात्री एक पान लिहायचं ठरवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपलं आपणच. पानाच्या मधोमध एक रेघ. डाव्या बाजूला लिहायचं, "आज काय कळलं?" आणि उजव्या बाजूला, "कसं माहीत?" बस्स, एवढंच.

महिनाभरानं तिनं उजवी बाजू वरपासून खालपर्यंत वाचून काढली. "पुस्तकात आहे." "सरांनी सांगितलं." "मोबाइलवर पाहिलं." "पुस्तकात आहे." "मोबाइलवर पाहिलं." साठ-पासष्ट नोंदींत "स्वतः पाहिलं" असं फक्त चार ठिकाणी होतं. त्या चारांतली एक नोंद कांद्याची होती. लाल कांदा चाळीत टिकत नाही, गावरान टिकतो. उजवीकडं लिहिलेलं, "स्वतः पाहिलं. सडके निवडायला मीच बसले होते."

त्या रात्रीच्या पानावर तिनं रेघ मारलेली नाही. पानभर सलग लिहिलंय. मला जे जे माहीत आहे ते सगळं दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं आहे, मग मी काय शिकले? मी पाठ केलेलं उत्तर मोबाइल एका क्षणात देतो. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? आणि त्या ढाली कशाच्या?

नववीतल्या मुलीनं स्वतःला असा प्रश्न विचारावा! वाचताना मी दोन मिनिटं गप्प बसले.

पुढच्या महिन्यात ती घरच्यांबरोबर टाकळी हाजीच्या बाजूनं कुकडी नदीवरचे रांजणखळगे बघायला गेली. नदीच्या पलीकडं पारनेर तालुक्यातलं निघोज. तुमच्यापैकी कितीतरी जण मळगंगेच्या दर्शनाला तिथं जाऊन आले असतील. काळ्या कातळात पाण्यानं रांजण कोरून ठेवलेत. काही घागरीएवढे, तर काहींत माणूस उभा मावेल एवढे. "आशियातील सर्वांत मोठे रांजणखळगे" हे वाक्य तिला आधीपासून पाठ होतं. एका स्पर्धेत त्यावर गुणही मिळाले होते.

पण यावेळी उजवा रकाना भरायचा होता ना! मग बाईसाहेब वडिलांचा हात धरून एका उथळ, कोरड्या खळग्यापाशी बसल्या आणि आत डोकावल्या. तळाशी दगडगोटे होते. सगळे गोल गुळगुळीत, लाडवासारखे. खळग्याच्या भिंतीवरून हात फिरवला, तर तीही गुळगुळीत. वहीत तिनं दोन्हीची चित्रं काढलीत. त्याखाली लिहिलंय, "गोटे गोल का? आणि खळगा गोल का? दोन्हींचं कारण एकच असेल का?"

आहेच! पुराच्या पाण्यात भोवरे होतात. कातळाच्या एखाद्या खोलगट जागी गोटा अडकला की भोवरा त्याला गरगर फिरवतो. जात्यासारखं घरघर घासणं चालतं. गोटा खडकाला घासतो, खडक गोट्याला घासतो, आणि दोघंही झिजतात. हजारो पावसाळे हे चाललं की कातळात रांजण तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या खनन कार्यात हे वाचायला मिळतं. तिनंही वाचलं होतं, गाळलेल्या जागेतही भरलं होतं. पण ते गोटे आणि ती गाळलेली जागा यांची गाठ त्या दिवशी पडली.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक नोंद आहे: "आशियातले सर्वांत मोठे. हे कुणी मोजलं? कशानं? खोली मोजली की रुंदी?" उजवा रकाना रिकामा.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण मुलांनो, तुमच्या वयात माणूस एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला जातो. पुढच्या आठवड्यात तिनं वहीत जाहीर करून टाकलं की पाठांतर सगळं फुकट, पुस्तकं फुकट, जे हातानं करता येतं तेच खरं ज्ञान. हे मात्र मला पटलं नाही. मी तिला म्हटलं, "अगं, आपल्याच तालुक्यात पाबळला जाऊन बघ."

पाबळला विज्ञान आश्रम आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी तो सुरू केला. हे कलबाग मोठे शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, मुंबईत हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्याचं काम. ते सगळं सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई पाबळसारख्या दुष्काळी गावात येऊन राहिले. २००३ साली ते वारले, पण आश्रमाचं काम चालू आहे. शाळा सोडलेली मुलं तिथं येतात आणि काम करत करत शिकतात. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, जनावरं, विजेची कामं, स्वयंपाक, रक्त तपासणं. काय सांगावं आणि काय सोडावं! मुलामुलींनी सगळंच शिकायचं, हे माझं आणि ते तुझं असं नाही.

आता यातलं मला सगळ्यांत आवडणारं काम ऐका. जमिनीखालचं पाणी शोधण्याचं. पाबळसारख्या गावात विहीर कुठं खणायची हा घरादाराचा प्रश्न असतो. खणलं आणि कोरडं निघालं, तर कर्ज मात्र डोक्यावर राहतं. आश्रमात मुलांना त्यासाठी एक यंत्र वापरायला शिकवतात. जमिनीत एका ओळीत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधलं विभवांतर मोजायचं. खुंट्या लांब लांब नेल्या की अधिक खोलवरचं कळतं. कोरडा, अखंड खडक विजेला जास्त रोध करतो. पाणी मुरलेला खडक कमी रोध करतो. त्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा.

ओळखलंत का हे काय आहे? नववीच्या विज्ञानातला ओहमचा नियम! विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. तेच सूत्र जे तुम्ही चाचणीच्या आदल्या रात्री घोकता. हातात खुंट्या आणि हातोडा असून सूत्र माहीत नसेल, तर यंत्रावरचे आकडे हे नुसते आकडेच. आणि सूत्र पाठ असून कधी खुंटी ठोकलीच नाही, तर विहीर कशी लागायची? डॉ. कलबागांनी पुस्तकं फेकून दिली नाहीत. ती शेतात नेली. पाढ्यांचंही तसंच. सात आठे छप्पन्न हे पाठ असल्याशिवाय बाजारात पट्टीचा हिशोब होत नाही, दर वेळी बोटं मोजत कोण बसणार?

तरी तिचा एक प्रश्न शिल्लक होताच. ती म्हणाली, "बाई, जे आपण बघूच शकत नाही त्याचं काय? इतिहासातलं काय?"

छान विचारलंस, म्हटलं. शिवाजी महाराजांची जन्मतारीख सांग. "१९ फेब्रुवारी १६३०." कसं माहीत? "पुस्तकात आहे." पण जुन्या पुस्तकांत ती तारीख नव्हती! तुमच्या पणजोबांच्या काळी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ ही जन्मतिथी पुष्कळ लोक मानत. मग भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती छापली गेली. शकावली म्हणजे काय, तर कोणत्या शकात काय घडलं याच्या तारीखवार नोंदी. त्यात महाराजांचा जन्म शिवनेरीवर, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा टिपलेला होता. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' ग्रंथातही तीच तिथी निघाली. इतिहासकारांनी वर्षानुवर्षं वाद घातले, पुरावे ताडून पाहिले, आणि या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

म्हणजे बघा, पुस्तकातल्या एका ओळीमागं केवढी धडपड असते! आणि तिच्या मुळाशी कोण? तर कारी गावात कधीकाळी कुणीतरी दिवा जवळ ओढून आज काय घडलं ते दोन ओळींत टिपून ठेवणारा माणूस. हे ऐकल्यावर आमच्या वहीवालीनं स्वतःच्या वहीकडं जरा आदरानं पाहिलं, असा मला भास झाला.

त्यानंतर उजव्या रकान्यातलं "पुस्तकात आहे" हे तिनं बंद केलेलं नाही. आता ती पुढं एक शब्द वाढवते: "पुस्तकात आहे, त्यांना कसं कळलं?" कधी उत्तर मिळतं, कधी नाही.

आता पालकांशी थोडं. या मुलीचे वडील मला बाजारात भेटले. कांद्याची पट्टी हातात होती आणि चेहरा काही बरा नव्हता. म्हणाले, "बाई, दहावी तोंडावर आली. या वहीला मार्क किती?"

मी म्हटलं, "शून्य." खोटं कशाला सांगू? वहीमुळं मार्क वाढतील असं वचन मी देणार नाही. रोजची वीस मिनिटं त्यात जातात हेही खरं. पण "कारणे द्या" या प्रश्नाची उत्तरं ती आता मार्गदर्शकातून उतरवत नाही, आपल्या शब्दांत लिहिते, हे मी तिच्या वहीत पाहिलंय. स्वतःच्या शब्दांत लिहायला बसलं की आपल्याला काय समजलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. उतरवून काढताना ते छान झाकलं जातं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना कितपत पटलं कोण जाणे! "बघू" म्हणाले आणि गेले.

तुम्हीही अशी वही करून बघा. वही कोरी हवी असं नाही, गेल्या वर्षीची उरलेली पानं शिवून घ्या. शुद्धलेखनाची काळजी नको, मी तपासायला येणार नाही. रोज पान भरलंच पाहिजे असंही नाही. दौंडच्या मुलांना सुरुवातीला सोपी नोंद सुचवते. तुमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली एक आकडा लिहिलेला असतो, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा. तो उतरवून घ्या. पुण्याला गेलात तर तिथलाही उतरवा. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा आणि पाणी पुण्याकडून दौंडकडं का येतं ते मला पत्रानं कळवा.

आणि हो, त्या वहीतली अगदी ताजी नोंद सांगायची राहिलीच. डावीकडं लिहिलंय, "आमच्या विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं?" उजवीकडं होतं, "पप्पा म्हणतात, सोळा." ते खोडलंय. गेल्या रविवारी वडिलांनीच दोराला दगड बांधून दिला. दोघांनी दोर विहिरीत सोडला, वर ओढला आणि भिजला तिथपर्यंत मोजला. वडिलांचे भरले साडेसोळा हात. तिचे भरले एकोणीस. पुन्हा मोजला, तरी तेच. तिनं दोन्ही आकडे लिहून ठेवलेत आणि पुढं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय.